आधी चकती, मग मशीन: वागळे इस्टेटमधल्या एका लहान कारखान्याने सँडर कसा निवडला

(संबंधितांची ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला एक भाड्याचा गाळा. चालवणारी बाई मूळची इंटिरियर डिझायनर. तिला इथे ताई म्हणू. सोबत पॉलिशच्या कामात केस पांढरे झालेले, संगमेश्वरकडचे एक मिस्त्री. त्यांना सगळेच मामा म्हणतात. हाताखाली एक विशीतला मुलगा.

काम बहुतेक जुन्या सागवानाचं. नौपाडा, पाचपाखाडी भागातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या की त्यांची दारं, चौकटी, वासे जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे येतात. हे लाकूड पन्नास-साठ वर्षं वाळलेलं असतं, वाकत नाही, आणि रंधा मारला की आतून जो रंग निघतो तो आजच्या नव्या सागाला नसतो. पण त्यावर ऑइलपेंटचे चार-पाच थर असतात, आत मोडलेले खिळे असतात आणि घासायला ते चिवट.

मार्चमध्ये घोडबंदर रोडवरच्या एका कॅफेची सोळा टेबल टॉपची ऑर्डर आली. अडीच बाय अडीच फूट, पट्ट्या जोडून केलेले टॉप, वर मॅट पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश). माल मे संपायच्या आत हवा. ही मुदत ताईंनाही सोयीची होती, कारण पाऊस सुरू झाला की हवेतल्या ओलीमुळे पॉलिश पांढुरकं पडायला लागतं आणि वाळायला दुप्पट वेळ घेतं.

तोपर्यंतची पद्धत अशी: रंधा मारायचा, मग ग्राइंडरला रबरी पॅड लावून ८० नंबरच्या सँडपेपर चकतीने (नंबर वाढतो तसे कण बारीक होत जातात) ओबडधोबडपणा काढायचा, आणि पुढचं सगळं मामांनी लाकडी ठोकळ्यावर कागद गुंडाळून हाताने घासायचं. मामांचा हात उत्तम, पण एका टॉपला अर्धा दिवस जायचा. सोळा टॉप म्हटल्यावर त्या मुलाने ओळखीतून एक गोल सँडर, म्हणजे लाकूड घासायचं विजेचं मशीन, मागून आणला आणि पहिले चार टॉप त्यावर काढले.

अडचण

सीलर, म्हणजे पीयूच्या आधीचा थर, मारेपर्यंत काहीच दिसलं नाही. पीयूचा दुसरा हात झाल्यावर कॅफेचा मालक बघायला आला, एक टॉप उचलून त्याने दारातल्या उजेडात तिरका धरला आणि विचारलं, "हे काय आहे?" सगळ्या टॉपभर बारीक गोल ओरखडे, नखाएवढी वेटोळी, एकात एक अडकलेली. समोरून बघितलं तर टॉप गुळगुळीत. तिरक्या उजेडात मात्र लपायला जागा नव्हती. चारही टॉप परत घासावे लागणार होते.

दुसरं दुखणं शेजारून आलं. बाजूच्या गाळ्यात छपाईचं काम चालतं आणि लग्नसराईत त्यांच्याकडे पत्रिकांची झुंबड असते. ओल्या शाईवर सागवानाचा भुगा बसला. शेजारी भला माणूस, पण त्याने स्पष्ट सांगितलं: "ताई, तुमचं घासणं आणि माझी छपाई एका वेळी नाही चालायची."

तिसरा प्रश्न वेळेचा, आणि तो तर पहिल्यापासून होताच.

ताईंनी मला फोन केला तो "कोणतं मशीन घेऊ?" असं विचारायला. फोनवर तीन-चार मॉडेलं काढून ठेवलेली, वॅट आणि किंमत शेजारी शेजारी लिहिलेली. लहान कारखान्यांना अवजारं निवडायला मदत करणं हे माझं काम असल्याने हा प्रश्न नवा नाही, आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने सुरू होतो. इथे ओरखडे, धूळ आणि वेळ ही तीन दुखणी होती, आणि त्यांतलं एकही वॅटच्या रकान्यात दिसत नव्हतं.

हे मशीन नेमकं करतं काय

ग्राइंडरची चकती जात्यासारखी एका जागी गरगरते. म्हणून ती कडेने खोल चर पाडते. रँडम ऑर्बिट सँडरचा, म्हणजे त्या मुलाने आणला तसल्या गोल सँडरचा, पॅड (चकती जिच्यावर चिकटते ती गादी) मोटरच्या दांड्यावर मधोमध बसवलेला नसतो, किंचित बाजूला एका बेअरिंगवर मोकळा असतो. त्यामुळे तो लहान वर्तुळात थरथरतो आणि त्याच वेळी स्वतःभोवती सावकाश फिरतो. दोन्ही गती मिसळल्या की वाळूचा कोणताही कण त्याच रेघेवरून पुन्हा जात नाही, आणि लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेला आहेत याची फारशी पर्वा करावी लागत नाही. पट्ट्या आणि चौकटी जिथे काटकोनात भेटतात तिथे हा मोठा फायदा.

पण इथेच एक मेख आहे. पॅडचं स्वतःभोवती फिरणं मोटरला थेट जोडलेलं नसतं. मशीनवर जोर दिला की ते फिरणं थांबतं, उरते नुसती थरथर, आणि मग तेच ते वेटोळं त्याच जागी कोरलं जातं. कॅफेवाल्याने दाखवलेले ओरखडे हेच होते.

पहिला निर्णय: जुना रंग मशीनने काढायचा नाही

मशीन निवडण्याआधी एक गोष्ट ठरवून घेतली. मुलगा जुन्या दारांवरचा ऑइलपेंटही त्याच सँडरने उडवत होता. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांमध्ये शिशाला दशलक्षात ९० भाग ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या, विशेषतः सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या दारांवरच्या रंगात शिसं आहे असंच धरून चालावं. कोरडं घासलं की ते हवेत जातं, तिथून फुप्फुसात, आणि मुलाच्या कपड्यांवरून त्याच्या घरी. शिवाय तापलेला रंग चकतीवर चिकटून त्याच्या गुठळ्या होतात, आणि अशी एक गुठळी अख्खा टॉप ओरबाडायला पुरते.

म्हणून रंग आधी पेंट रिमूव्हर लावून, पातं धरून, ओला असतानाच खरवडायचा, मग लोहचुंबक फिरवून खिळे शोधायचे, मग रंधा, आणि त्यानंतरच सँडर. मामांना हे मान्य व्हायला वेळ लागला नाही, ते पूर्वी असंच करायचे. खिळ्यांचं कारण नुसती चकती फाटणं एवढंच नाही. खिळ्यावर घासून उडालेली ठिणगी व्हॅक्यूमच्या पिशवीतल्या कोरड्या भुग्यात गेली तर आग लागू शकते.

पर्याय

हातानेच घासत राहणं हा पर्याय मामांनी मांडला आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. फिनिशिंग उत्तम, धूळ कमी, शेजारी खूश. फक्त सोळा टॉप मेमध्ये झाले नसते.

बॅटरीवरचं मशीन लगेच बाद झालं. घासणं हे तासन् तास चालणारं काम आहे. दोन बॅटऱ्यांचे पैसे घालून पुन्हा चार्जरसमोर बसायचं. हवेवर चालणारा सँडर हलका आणि टिकाऊ असतो, पण त्याला अखंड भरपूर हवा लागते. गाळ्यातला स्प्रेसाठीचा दोन एचपीचा कॉम्प्रेसर त्याला पुरा पडला नसता.

अर्ध्या कागदाचा चौकोनी सँडर स्वस्त. साधा कागद कापून लावता येतो, कोपऱ्यात जातो. पण तो नुसता थरथरतो, स्वतःभोवती फिरत नाही, म्हणून लाकूड काढायला मंद.

खरी तुलना उरली ती १२५ मिलिमीटर आणि १५० मिलिमीटरच्या गोल सँडरमध्ये, म्हणजे बाजारभाषेत पाच इंची आणि सहा इंची. ताईंचा कल सहा इंचीकडे होता. हिशेब त्यांच्या बाजूने होता: व्यास एकच इंच जास्त, पण घासणारं क्षेत्रफळ सुमारे १२३ चौरस सेंटिमीटरवरून १७७ वर जातं, म्हणजे ४४ टक्के वाढ. मोठे टॉप असतील तर हे मशीन वेळ वाचवतं यात वाद नाही.

विरोधात तीन गोष्टी होत्या. एक, वजन आणि ताबा: पाच इंची मशीन सव्वा-दीड किलोचं, एका हाताच्या तळव्यात मावतं, सहा इंचीला बहुतेक दोन्ही हात लागतात, आणि अरुंद पट्टीवर किंवा टॉपच्या कडेवर ते कलंडून कड गोल करतं. दोन, ताईंच्या कामात टेबलांइतकीच खुर्च्या, चौकटी, लहान कपाटं होती. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: चकत्या. ठाण्यातल्या दोन-तीन हार्डवेअर दुकानांत विचारलं तेव्हा आठ भोकांच्या पाच इंची वेल्क्रो चकत्या ८० पासून ३२० नंबरपर्यंत समोर मांडल्या गेल्या. सहा इंची चकत्या होत्या, पण मोजक्या नंबरच्या, आणि भोकांची मांडणी दर पाकिटाला वेगळी. बाकीच्या मागवाव्या लागणार, नाहीतर मस्जिद स्टेशनला उतरून मुंबईतला हार्डवेअरचा बाजार, नागदेवी, गाठायची. ऑर्डर अंगावर असताना १२० नंबर संपला म्हणून काम थांबणं कुणाला परवडतं?

मॉडेलांच्या माहितीपत्रकांबद्दल एक सूचना. बॉशच्या जीईएक्स १२५-१ एईवर २५० वॅट आणि मिनिटाला १५,००० ते २४,००० कंपनं लिहिलेली असतात; मकिताच्या बीओ ५०३१ वर ३०० वॅट आणि ४,००० ते १२,०००. ताईंना पहिलं दुप्पट वेगाचं वाटलं. प्रत्यक्षात पहिल्याचेही फेरे ७,५०० ते १२,००० च आहेत. एका फेऱ्यात जाणं आणि येणं अशी दोन कंपनं मोजली की २४,००० होतात. बघायचा आकडा वेगळाच आहे, पॅडच्या थरथरण्याच्या वर्तुळाचा व्यास. अडीच-तीन मिलिमीटरचा असेल तर फिनिशिंग बारीक येतं. पाचचा असेल तर लाकूड भराभर निघतं, पण खुणा मोठ्या. फर्निचरच्या शेवटच्या घासाईला लहान वर्तुळ हवं.

चाचणीचा शनिवार

विकत घेण्याआधी प्रत्यक्ष बघायचं ठरलं. मागून आणलेला पाच इंची सँडर होताच. एका ओळखीच्या कारखान्यातून सहा इंची आणला, आणि माझ्याकडचा ओला-सुका व्हॅक्यूम. छपाईवाल्याला सुट्टी होती म्हणून शनिवार.

सागवानाची एकच लांब फळी घेतली, तिचे चार भाग केले आणि प्रत्येक भागावर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा ओढल्या. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या म्हणजे घासाई सारखी झाली. पॅडच्या कडेला काळ्या मार्करने एक जाड खूण केली. ही खूण बहुतेक लोक करत नाहीत, आणि सगळं तिथेच दिसतं: मशीन चालू असताना खूण सावकाश फिरताना दिसायला हवी. मुलाने मशीन टेकवलं, सवयीने वरून दुसरा हात ठेवून दाब दिला, आणि खूण जागच्या जागी थांबली. मशीनचा आवाज तोच, भुगाही उडतोय, पण पॅड फिरत नाही. मामा खाली वाकून बघत होते. म्हणाले, "सोड रे हात." वरचा हात काढला आणि खूण पुन्हा फिरायला लागली.

मग चारही भाग ८०, १२०, १८० असे क्रमाने घासले. पहिला भाग पाच इंचीने, मशीनची स्वतःची पिशवी लावून. दुसरा त्यानेच, व्हॅक्यूमची नळी जोडून. तिसरा-चौथा सहा इंचीने तसंच. शेवटी थिनरचा बोळा फिरवला आणि मोबाइलचा टॉर्च फळीला टेकवून आडवा धरला. थिनरने लाकूड ओलं झालं की पॉलिशनंतर जे दिसणार ते दोन मिनिटं आधीच दिसतं.

पिशवीवाल्या दोन्ही भागांवर वेटोळी होती. व्हॅक्यूमवाल्या दोन्ही भागांवर जवळजवळ नव्हती. पाच आणि सहा इंचीत जो फरक होता तो शोधावा लागला. नळी असण्या-नसण्यातला फरक मामांनी चष्म्याशिवाय दाखवला. कारण सरळ आहे: निघालेला भुगा आणि चकतीवरून सुटलेले ८० नंबरचे कण वेळीच ओढले गेले नाहीत, तर ते चकती आणि लाकूड यांच्यामध्ये घोळत राहतात आणि ओरखडतात. मशीनच्या पिशवीला मोठा भुगा सापडतो, बारीक धूळ तिच्यातून पार होते.

पहिल्या चार टॉपवर आणखी एक गोष्ट झाली होती, ती या वेळी बोलता बोलता बाहेर आली. वेळ वाचवायला मुलाने ८० वरून थेट १८० घेतला होता. ८० चे खोल ओरखडे १८० ने निघत नाहीत, फक्त त्यांच्या माथ्यावर चकाकी येते.

निर्णय

पाच इंची, वेग कमी-जास्त करता येणारा, आठ भोकांचा, लहान वर्तुळाचा एक सँडर. उरलेले पैसे मोठ्या मशीनवर न घालता ओल्या-सुक्या व्हॅक्यूमवर. दोघांवर जवळपास सारखाच खर्च आला. ताईंना शेवटपर्यंत हे खटकत होतं. "सँडर घ्यायला निघाले आणि झाडू घेऊन आले," असं त्या म्हणाल्या. पण ओरखडे आणि शेजारी, तीनपैकी दोन दुखण्यांवर औषध त्या व्हॅक्यूममध्येच होतं.

मामांच्या आग्रहाने एन ९५ मास्कची पेटीही आली. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, आणि सागवानाच्या भुग्याने अंगाला खाज सुटते हे सुताराला वेगळं सांगावं लागत नाही. तोंडाला रुमाल बांधून हे थांबत नाही.

पुढे काय झालं

नळी मशीनच्या तोंडाला बसेना. व्हॅक्यूमची नळी जाड, सँडरचं तोंड बारीक. कंपनीचा जोड लगेच मिळेना, म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि क्लिप यांवर पहिला आठवडा निघाला.

मग मुलगा स्वस्तात मिळाल्या म्हणून बिनभोकांच्या चकत्यांचं मोठं पाकीट घेऊन आला. त्या लावल्यावर व्हॅक्यूम जोडलेला असूनही भुगा कडेने उडायला लागला, कारण पॅडची भोकं झाकली गेली होती. त्या चकत्या ठोकळ्यावर हाताने वापरून संपवल्या. भोकं असलेली चकतीही वाकडी चिकटवली तर तेच होतं, एवढं आता त्या मुलाच्या बोटांना कळलं आहे.

टॉप वेळेत गेले. खराब झालेले चार पुन्हा ८० पासून घासले. कॅफेवाल्याने सोळाही टॉप दारातल्या उजेडात तिरके धरून पाहिले आणि घेतले. एका टॉपचा घासाईचा वेळ अर्ध्या दिवसावरून तासाभराच्या आसपास आला, त्यातला शेवटचा हात मामा अजूनही २२० नंबरने ठोकळ्यावर, रेषांच्या दिशेने मारतात. सागवान तेलकट असल्याने पीयूआधी थिनरने पुसणंही सोडलेलं नाही. शेजाऱ्याच्या तक्रारी बंद झाल्या असं नाही, कमी झाल्या. आता त्याचा रोख आवाजावर असतो.

दोन नुकसानं झाली. जूनमध्ये व्हिनियरच्या (प्लायवर चिकटवलेल्या पातळ लाकडी थराच्या) कपाटाचं काम आलं तेव्हा मुलाने शटरच्या कडेवर तोच सँडर फिरवला. सजावटी व्हिनियरचा वरचा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर. कडेवर तो क्षणात पार झाला आणि खालचं प्लाय दिसलं. ते शटर बदलून द्यावं लागलं. दुसरं, पॅड. ८० नंबरवर, पूर्ण वेगात, कडेवर कलता धरून घासत राहिल्याने पॅड तापला, वेल्क्रोचे आकडे मधल्या भागात वितळले आणि चकत्या उडून पडायला लागल्या. मशीन बिघडलं म्हणून ताईंनी मला बोलावलं. बदलायचा होता फक्त पॅड.

चकत्यांचा खर्च मात्र कुणी धरलाच नव्हता. सागवानात सिलिका असते, काही लाकडात दीड टक्क्याच्या जवळपास, आणि ती कागद लवकर बोथट करते. सहा महिन्यांत चकत्यांचं बिल मशीनच्या किमतीपुढे गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

चाचणी ऑर्डर घेण्याआधी व्हायला हवी होती. पहिले चार टॉप वाया जाण्याचं कारण मागून आणलेलं मशीन हे नव्हतंच. तेच मशीन, नळी जोडून आणि हात हलका ठेवून, चाललं असतं. नुसता व्हॅक्यूम आधी घेतला असता तर नव्या सँडरची घाई राहिली नसती आणि ताईंना निवडायला दोन महिने मिळाले असते.

खरेदीच्या यादीत जादा पॅड, नळीचा जोड आणि तीन महिन्यांच्या चकत्या मशीनच्या बरोबरीने लिहायला हव्या होत्या. दुकानदार हे आपणहून सांगत नाही, त्याच्या दृष्टीने ती पुढची गिऱ्हाइकी असते. व्हिनियरला मशीन लावायचं नाही हा नियम शटर गेल्यावर नव्हे, पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहिता आला असता.

कंपनाकडे मात्र कुणाचंच लक्ष गेलं नाही. युरोपात हाताला बसणाऱ्या कंपनासाठी आठ तासांच्या सरासरीने सेकंदवर्गाला अडीच मीटर ही सावध होण्याची आणि पाच मीटर ही कमाल पातळी ठरलेली आहे, आणि चांगल्या मशीनच्या पुस्तिकेत तिचा कंपनाचा आकडा छापलेला असतो. तो आकडा मॉडेलं निवडताना वॅटच्या शेजारी लिहायला हवा होता. मुलाच्या बोटांना संध्याकाळी मुंग्या यायला लागल्यावर पाळी लावून घासायचं ठरलं.

सहा इंचीचा विषय ताईंनी सोडलेला नाही. सध्या दोन मोठ्या जेवणाच्या टेबलांची चौकशी आली आहे, आणि तसं काम नियमित मिळालं तर दुसरं मशीन म्हणून तो घ्यायला माझी हरकत नाही. अट एवढीच सांगितली आहे की आधी दुकानदाराकडून सगळ्या नंबरच्या, एकाच भोकांच्या मांडणीच्या चकत्या महिनोन् महिने मिळतील याची खात्री करावी, आणि मग मशीनच्या दुकानात जावं.